कुंपणापलीकडची सवत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने जळकी आहे. दुसऱ्याचे बरे चाललेले मला बघवत नाही. आता माझे ऐकायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

ग्रीसमध्ये वेरियाच्या खालच्या सपाटीवर पीचच्या बागाच बागा आहेत. तिथे माझा आताचा मालक स्टेर्गियोस याच्या वडिलांनी मला चेस्टनटच्या लाकडातून घडवले. मला तीन पाय आहेत. दोन जमिनीत घट्ट रोवायचे आणि तिसरा फांद्यांमधून आत सारायचा, म्हणजे एकही फांदी न मोडता मी थेट झाडाच्या पोटात शिरते. म्हाताऱ्याने मला घासून गुळगुळीत केले आणि एका परक्या तरुणाच्या खांद्यावर दिले. कामाच्या शोधात तो डोंगर ओलांडून अल्बेनियातून चालत आला होता.

"नाव काय रे तुझं?" म्हाताऱ्याने विचारले. तरुणाने सांगितले. "हे काही आमच्या तोंडात बसायचं नाही. तू आमचा वांगेलिस. भूक लागलीय ना?"

तरुणाने दोन्हींना मान डोलावली. तेव्हा गावातले निम्मे अल्बेनियन गडी असेच ग्रीक नावाने राबत. इथले नाव असले की काम लवकर मिळे.

त्याचे खरे नाव बागेत फक्त मला ठाऊक होते. पुढे मोबाइल आले, तेव्हा रेंज माझ्या सगळ्यात वरच्या पायरीवरच मिळायची. तिथे उभा राहून तो बायकोशी बोले आणि पलीकडून ती म्हणे, "बेस्निक". त्यांची भाषा मला कळत नसे, नाव तेवढे कळले.

काय हात होता त्याचा! पीच बोटांनी ओढायचे नसते. दाबले की संध्याकाळपर्यंत तिथे काळा डाग पडतो. तो तळहात भरून फळ धरी आणि हलकेच मनगट वळवी. फळाला असा हात, आणि माझ्या वाट्याला चिखलाचे बूट. मी त्या फळांवरसुद्धा जळत असे. पण म्हातारा गेल्यावर माझी एक पायरी मोडली, तेव्हा त्यानेच नवी बसवली. "हिला फेकू नका, मालक," तो स्टेर्गियोसला म्हणाला, "हिच्यावर पाय ठेवला की जिवाला धास्ती राहत नाही."

मग शेजारच्या अंथुलाबाईच्या बागेत ॲल्युमिनियमची शिडी आली. चकचकीत, हलकी, उन्हात नुसती मिरवायची. सवत मेली. मी मनात म्हणे, मिरव किती मिरवायचे ते, माझा माणूस माझ्याकडेच येतो.

पुढे परदेशी गड्यांना हंगामापुरता व्हिसा लागू लागला. शेतकऱ्याने नावानिशी बोलवायचे, मग वकिलातीने शिक्का द्यायचा. हे सगळे सोसायटीचा कारकून गड्यांचे पासपोर्ट बघून करी. यंदा तो निवृत्त झाला, आणि स्टेर्गियोस माझ्याच पायरीवर कागद ठेवून स्वतः लिहायला बसला.

"अहो, फोन करून एकदा विचारा तरी त्याला," त्याची बायको फोटिनी म्हणाली.

"काय विचारायचं? इतकी वर्षं हाक मारतोय, मला त्याचं नाव माहीत नाही?"

त्याने वांगेलिस असे लिहिले. माझ्या अंगावर लिहिले, मित्रांनो, आणि मला ब्र काढता आला नाही.

वकिलातीने कागद परत पाठवले. या नावाचा कोणी माणूसच त्यांना सापडला नाही. फोटिनीने कमरेवर हात ठेवले. "एका ताटात पाव बुडवून जेवलात, त्याच्या पोरीच्या लग्नाला अहेर धाडलात, आणि नाव ठाऊक नाही. धन्य आहे तुमची."

स्टेर्गियोस माझ्यावर चढला आणि त्याने फोन लावला. "अरे वांगेलिस, पासपोर्टावर तुझं नाव काय आहे?"

पलीकडून आवाज आला, "बेस्निक, मालक. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

नवे कागद गेले, पण तोवर यंदाचे ठरलेले व्हिसा वाटून संपले होते. पुढच्या वर्षी अर्ज करा, असे उत्तर आले.

पीचला पुढचे वर्ष कळत नाही. पहिला तोडा आला. थेस्सालोनिकीहून मेहुणे मदतीला आले, तेही चामड्याचे बूट घालून. मुळे उपटावेत तशी त्यांनी फळे ओढली. संध्याकाळी प्रत्येक फळावर अंगठ्याचा काळा डाग होता, आणि फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्याने पेट्या परत पाठवल्या. दुसऱ्या तोड्याला मेहुणे फिरकले नाहीत. एकटा स्टेर्गियोस किती तोडणार? फळे गळू लागली. बागेत आंबूस वास सुटला आणि गांधीलमाश्या घोंगावू लागल्या.

इकडे अंथुलाबाईचे पीच उशिरा पिकणारे. तिचा एक गडी जर्मनीला निघून गेला होता आणि त्याच्या व्हिसाची मंजूर जागा रिकामी होती. तिने बेस्निकला फोन केला. पहिलाच प्रश्न विचारला तो हा, की कागदावर तुझे नाव काय लिहू?

एका सकाळी तो मला कुंपणापलीकडे दिसला. सवतीच्या अंगावर. तेच बूट, तेच मनगट. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. तिचा पाय मोडो, असा मी शाप दिला. मग लक्षात आले की पडेल तो तोच, म्हणून तेवढा शाप मागे घेतला.

स्टेर्गियोसही कुंपणाशी आला. "वांगेलिस," त्याने हाक मारली. तो वळला नाही. स्टेर्गियोसने घसा खाकरला. "बेस्निक."

तो लगेच खाली उतरला.

"माझा शेवटचा तोडा राहिलाय रे. तासभर तरी ये."

"नाही येता येत, मालक. ज्यानं बोलावलं त्याच्याच बागेत काम करायचं. तुमचं एक फळ तोडताना कुणी पाहिलं तर मला परत धाडतील."

"तिच्याकडे बरं चाललंय म्हणजे तुझं." त्या आवाजातली जळजळ मी लगेच ओळखली. घरचीच होती.

"ही पत्र्याची शिडी लटपटते," बेस्निक म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. "मला तिकडे यायला बंदी आहे, मालक. हिला इकडे यायला व्हिसा लागत नाही."

स्टेर्गियोसच्या मागे फळे टपटप गळत होती. मग त्याने मला खांद्यावर घेतले आणि कुंपणावरून पलीकडे दिले.

बेस्निकने माझा तिसरा पाय झाडात सारला आणि सवतीला गवतात आडवी टाकली. खोटे कशाला बोलू, मी सुखाने करकरले. मग त्याच्यासोबत उंचावरून मला आमची बाग दिसली. झाडाखाली फळांचा सडा पडला होता. स्टेर्गियोस अजून तिथेच उभा होता, रिकामा खांदा चोळत, माझ्याकडे बघत.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि तोंडात बसत नसेल तर बसेपर्यंत म्हणा. नाहीतर एक दिवस कुंपणाशी उभे राहून स्वतःच्याच शिडीचा हेवा करावा लागतो.