फॅटचा तक्ता काढा

फरहीन शिकलगार दिवसातून किती वेळा कॉपी-पेस्ट करते, हे ऋतानं एकदा गंमत म्हणून मोजलं होतं. जेवणाचे डबे उघडेपर्यंतच आकडा एकशे सत्तावीसवर गेला. पुढचं मोजायचा ऋतालाच कंटाळा आला.

राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. माणसं तिघंच. दत्तप्रसाद, म्हणजे दत्ता सर, मालक. फरहीन प्रोग्रॅम लिहायची, आणि ऋता गावोगावच्या दूध संस्थांचे फोन घ्यायची. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणसं रांगेत उभी राहतात, त्या दुधाचं माप, फॅट, पावती हे सगळं ज्या संगणकावर चालतं, त्याचा प्रोग्रॅम यांचा. निम्म्या संस्था फरहीनच्या वडिलांमुळं मिळालेल्या. रफिक शिकलगार तीस वर्षं वजनकाटे आणि फॅटची मशीनं दुरुस्त करत हिंडत होते, आणि काटा जोडता जोडता पोरीच्या प्रोग्रॅमचं नाव सांगायला विसरत नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी फरहीननं टर्मिनलमधला एआय सहायक वापरायला घेतला. काळ्या खिडकीत मराठीत लिहायचं, तो कोड लिहून द्यायचा. हुशार होता, यात वाद नव्हता. पण त्याला खिडकीबाहेरचं काहीच दिसत नव्हतं. ऋता तक्रारी एका बोर्डावर टाकायची. तिथून तक्रार उचलायची, टर्मिनलमध्ये ओतायची, त्यानं दिलेला कोड एडिटरमध्ये नेऊन ठेवायचा, चाचण्या चालवायच्या, काही चुकून लाल दिसलं की ते लाल उचलून परत त्याच्यापुढं आणायचं.

"मी काय हमाल हाय व्हय?" एका सोमवारी फरहीन म्हणाली. "ह्या खिडकीतनं त्या खिडकीत पोती वाहायला?"

"मग जोड की सगळं एकमेकाला," ऋता म्हणाली. "जोडता येतं म्हणतीस ना?"

येत होतं. फक्त बसून करायला हवं होतं. दत्ता सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एकच अट घातली. "त्याला सगळं वाचू दे, लिहू दे, तपासू दे. पण बदल मुख्य कोडात घालायचं बटण माणसानंच दाबायचं. ते त्याच्या हातात द्यायचं नाही."

फरहीननं मान डोलावली आणि कामाला लागली. आधी एडिटर जोडला. मग तक्रारींचा बोर्ड. त्यात शिरायला पासवर्डासारखी वेगळी किल्ली लागत होती, आणि ती किल्ली पहिल्यांदा चुकीच्या नावानं निघाली. मग चाचण्या, मग कोडाचं भांडार. जोडणीच्या फाइलीत एका ओळीनंतर स्वल्पविराम राहिला होता, त्यापायी दीड तास गेला. पण मंगळवारी दुपारी तिनं टर्मिनलमध्ये एवढंच लिहिलं, "चारशे बारा नंबरची तक्रार बघ," आणि हात मागं घेतले.

तो आपला आपण बोर्डावर गेला. तक्रार वाचली. नेमकी फाइल एडिटरमध्ये उघडली, दोन ओळी बदलल्या, चाचण्या चालवल्या, एक लाल आली ती निस्तरली, आणि काय केलं ते चार वाक्यांत लिहून गप्प बसला. ऋता खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली होती.

"आणि तू काय केलंस?" तिनं विचारलं.

"चहा प्याले."

त्या दिवशी सात तक्रारी मिटल्या. फरहीन प्रत्येक बदल ओळ न् ओळ वाचायची आणि मग बटण दाबायची. बुधवारी अकरा मिटल्या. बुधवारी मात्र ती ओळ न् ओळ वाचत नव्हती. हिरवं दिसलं की वरवर नजर फिरवायची आणि दाबायची. आयुष्यात पहिल्यांदाच तक्रारींचा बोर्ड रिकामा होताना दिसत होता, आणि त्याची एक नशा असते.

गुरुवारी सकाळी मुरगूडहून फोन आला. तिथल्या एका दूध संस्थेचे सेक्रेटरी पिराजी. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. ऋतानं स्पीकरवर टाकला.

"ताई, परवा मी काय सांगितलं? दहा दिवसांचा फॅटचा तक्ता निघंना. बटण दाबलं की संगणक नुस्ता बघत बसतोय. तेवढा तक्ता काढा. बरोबर?"

"बरोबर, पिराजीमामा."

"आज बगतोय तर बटणच न्हाय."

फरहीननं खुर्ची फोनकडं वळवली.

"काल चालत नव्हतं, पर बटण तरी हुतं की," पिराजी म्हणाले. फोन ठेवताना ते रागावलेले वाटत नव्हते, खरोखर बुचकळ्यात पडलेले वाटत होते.

फरहीननं बोर्ड उघडला. पिराजींनी सव्वा मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. ऋतानं तो ऐकून तक्रारीला जोडला होता आणि वर एक ओळ लिहिली होती. 'फॅटचा तक्ता काढा. मुरगूड.' आवाज ऐकायची सोय सहायकाला नव्हती. त्याच्यापुढं आली ती तेवढी एक ओळ, आणि त्यानं तक्ता काढला. मेनूतलं बटण काढलं, तक्त्याची फाइल काढली, तक्ता तपासणारी चाचणी काढली. शेवटी अगदी स्वच्छ लिहिलं होतं: 'विनंतीप्रमाणे फॅटचा तक्ता काढून टाकला आहे. सर्व चाचण्या यशस्वी.' आणि त्याखाली बदल मान्य करणाऱ्याचं नाव. फरहीन शिकलगार, बुधवार, चार वाजून दहा मिनिटं.

तिचे कान तापले. काढलेल्या ओळी लाल दिसतात, आणि इथं एवढी मोठी फाइल गेलेली पानभर लाल दिसत होती. वाचलं असतं तर दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं.

"चूक माझी हाय," ऋता म्हणाली. "मी नीट लिहायला पाहिजे होतं."

"तू बरोबर लिहिलंस. मराठीत तसंच म्हणतात," फरहीन म्हणाली. "बटण मी दाबलं."

दत्ता सर रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पानभर लाल रंग पाहिला, खालचं ते नम्र वाक्य वाचलं आणि हसू दाबायला खिडकीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "आधी परत लाव. मग मुरगूडला जा. तिथं बसून बघ, काय अडतंय ते."

परत लावायला दहा मिनिटं लागली. जुना कोड भांडारात होताच, आणि पिराजींच्या नोंदींना कुठं धक्का लागला नव्हता. नेमकं त्याच दिवशी रफिकना मुरगूडला एक काटा बघायला जायचं होतं. दुपारी बापलेक ओम्नीतून निघाले. मागं वजनाची मापं खडखडत होती. कागल गेल्यावर फरहीननं सगळं सांगून टाकलं.

रफिकनी ऐकून घेतलं. "बेटा, मी पहिल्या वर्षी एका काट्याची स्प्रिंग उलटी बसवलेली. जितकं जास्त दूध, तितकं कमी वजन. गावानं मला देवळाच्या पायरीवर बसवून चहा पाजला आणि मग स्प्रिंग दाखवली."

"मग?"

"मग काय, त्या गावचा काटा आजबी माझ्याकडंच हाय."

संस्थेत पोहोचले तेव्हा संध्याकाळचं संकलन सुरू झालं होतं. पिराजी पंचावन्नच्या पुढचे, अंगानं सडपातळ; एवढा मोठा आवाज ह्या माणसात राहतो कुठं, असं वाटावं. त्यांनी फरहीनला संगणकाशेजारी एक पालथा कॅन दिला बसायला. "ह्या शिकलगारांच्या कन्या," त्यांनी रांगेला ओरडून सांगितलं. "बटण ह्यांनीच काढल्यालं."

रांग हसली. फरहीनही हसली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग ती ऐकत बसली. अर्ध्या तासात 'काढ' हा शब्द तिनं इतक्या अर्थांनी ऐकला, की तिनं वही काढली. एकानं विचारलं, म्हशीचं दूध काढलं का. पिराजींनी कुणाची तरी पावती काढली. फॅट काढली ती सहा पॉइंट आठ लागली. कुणाचं तरी नाव गेल्या वर्षी सभासदांतून काढलं होतं, ते परत घालायचं होतं. दुधातली माशी काढली गेली. कोण तरी म्हणालं, मशीन बसलंय, म्हणजे बंद पडलंय. आणि दुसरा म्हणाला, आमच्यात नवीन बसलंय, म्हणजे चालू झालंय. फरहीननं दोन्ही लिहून घेतलं. ही माणसं एकमेकांचं बरोबर समजत होती, कारण बोलताना समोर म्हैस होती, मशीन होतं, माशी होती. ऋताच्या एका ओळीत यातलं काहीच नव्हतं.

रांगेत चिमणाबाई नावाची बाई आली. दोन हातांत दोन किटल्या.

"ह्यांच्यापासनंच सुरू झालं बगा," पिराजी म्हणाले. "ह्यांनी गाय घेतली आणि तक्ता बंद पडला. मी त्या आवाजात सांगितल्यालं की सगळं."

"माझ्या गाईवर नगा ढकलू," चिमणाबाई म्हणाली. "मी दोन किटल्या आणतो. म्हशीचं निराळं, गाईचं निराळं. रोज आणतो."

"एकाच वेळी दोन्ही?" फरहीननं विचारलं.

"मग काय दोन खेपा घालू व्हय?"

फरहीननं लॅपटॉप मांडीवर घेतला. तक्ता लिहिताना दोन वर्षांपूर्वी तिनंच ठरवलं होतं, एका वेळी एका सभासदाची एकच नोंद. चिमणाबाईची गाय त्या हिशेबात नव्हती. मोबाइलच्या इंटरनेटवर तिनं टर्मिनल उघडलं आणि ह्या वेळी नीट लिहिलं. चिमणाबाई, दोन किटल्या, गाय आणि म्हैस, एकच वेळ. आधी ही अडचण पकडणारी चाचणी लिही, ती लाल आलेली मला दाखव, मगच दुरुस्त कर.

लाल आली. पिराजी खांद्यावरून बघत होते. "हे तांबडं म्हंजे वाईट न्हवं का?"

"आता चांगलं," फरहीन म्हणाली. "दुखणं सापडलं."

सहायकानं गाई-म्हशीच्या नोंदी वेगळ्या धरल्या, एडिटरमध्ये बदल मांडला, चाचण्या हिरव्या आल्या. फरहीननं सगळ्या ओळी वाचल्या. मध्ये पिराजींनी दोनदा चहा विचारला, तेव्हा तिनं बोट ओळीवर ठेवून नुसती मान हलवली. मग तिनं बटण दाबलं आणि नवा बदल पिराजींच्या संगणकावर उतरवून घेतला.

प्रिंटर करकरत सुरू झाला. चिमणाबाईच्या नावापुढं दोन ओळी आल्या, गाय आणि म्हैस. कागद तिनं मागून घेतला, म्हशीच्या ओळीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "सात लागली व्हय? आन घरात म्हणत्यात पेंड वाया जातीया." कागदाची घडी करून तिनं पदराला बांधली. रफिक काटा उघडून खाली बसले होते, ते हातातला पाना तसाच धरून लेकीकडं बघत राहिले. निघताना पिराजींनी खरवसाचा डबा ओम्नीत ठेवला.

शुक्रवारी फरहीननं आणखी दोन कामं केली. आवाजाचं लेखन करून देणारं एक साधन सहायकाला जोडलं, म्हणजे पिराजींचा सव्वा मिनिट पूर्णच्या पूर्ण त्याच्यापुढं जाईल. आणि तो काम सुरू करायच्या आधी दरवेळी वाचतो त्या सूचनांच्या फाइलीत तिनं वहीतले शब्द घातले. 'काढा' म्हणजे छापा, मोजा किंवा वगळा. 'बसलंय' म्हणजे बंद पडलंय किंवा नवीन लावलंय. खाली लिहिलं, शंका आली तर हात लावू नकोस, तक्रारीखाली विचार.

खरवस खाताखाता ऋतानं त्यात सहा शब्द घातले. दत्ता सरांनी, स्वतः कोड लिहिणं बंद केल्याला चार वर्षं झाली असताना, दोन.

सोमवारी पेठ वडगावच्या संस्थेचा निरोप आला. नव्या अपडेटचं काय करायचं, असं ऋतानं त्यांना विचारलं होतं. उत्तर आलं, 'अपडेट सोडा.' सहायकानं कशालाच हात लावला नाही. तक्रारीखाली अदबीनं विचारलं: 'अपडेट पाठवायचे आहे, की त्याचा विचार सोडून द्यायचा आहे? कृपया स्पष्ट करावे.'

"शहाणा झाला," ऋता म्हणाली आणि वडगावला फोन लावला. दोन मिनिटं बोलली, हो हो म्हणाली, फोन ठेवला.

"काय म्हणाले?" फरहीननं विचारलं.

"म्हणाले, सोडा म्हंजे सोडा की. त्यात काय विचारायचं?"

"म्हणजे पाठवायचं?"

ऋतानं फोनकडं बघितलं, मग फरहीनकडं. "थांब," ती म्हणाली, "परत लावते."