यासाच्या बोटाला शाई

मॉनरोव्हिया या आमच्या राजधानीत, चौकातल्या सिग्नलवरून रेड लाइट नाव पडलेल्या बाजारात मी वीस वर्षं मिरची विकते आहे. लढाईत लोक पळाले, मी मिरचीच विकली. तेव्हा रांग, गर्दी, धक्काबुक्की यांना मी घाबरत नाही. पण लढाई संपून दोन वर्षांनी, त्या मंगळवारी सकाळी मतदानासाठी शाळेच्या मैदानात पोचले आणि बघतच राहिले. माझ्यापुढे हजारभर माणसं होती. काठी टेकणारे म्हातारे, कुबड्या घेतलेली पोरं, नवं लुगडं गुंडाळलेल्या बायका. चौदा वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं गुमान एकामागे एक उभी होती आणि कोणी कोणाला साधं ढकलतही नव्हतं. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

माझ्याबरोबर माझी सून लोर्पू होती. वय वीस. पाठीला पाच महिन्यांची लेक यासा बांधलेली. मुलगा माझा रबराच्या मळ्यावर कामाला, त्याचं मत तिकडे. लोर्पूच्या गळ्यात मतदाराचं कार्ड दोरीने लटकवलेलं होतं आणि दर मिनिटाला ती ते चाचपत होती. तिचं खरं नाव लिहिलेला तो तिच्या आयुष्यातला पहिला कागद.

ती सहा वर्षांची असताना रस्त्यावरच्या नाक्यावर बंदूकवाल्यांनी तिच्या गावच्या लोकांना अडवलं होतं. एकाच्या हातात यादी होती. तो मोठ्याने नावं वाचायचा, आणि ज्याचं नाव वाचलं तो झुडपामागे जायचा, परत यायचा नाही. तिच्या बापाचं नाव तिने असंच ऐकलं. आई तिच्या कानात पुटपुटली, "कोणी विचारलं तर मार्था सांग." त्यानंतर पोरगी अकरा वर्षं मार्था होती. माझ्या घरात आली तेव्हाही मार्थाच होती. खरं नाव तिने मला लग्नानंतर सहा महिन्यांनी सांगितलं, तेही घरात दुसरं कोणी नाही ना, हे बघून.

आदल्या दिवशी भात निवडताना तिने मला विचारलं होतं, "मा, तिथे नाव मोठ्याने वाचतात?"

"वाचतात."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय तुझ्या कानात येऊन सांगतील? राणी लागून गेलीस का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पोरीचा हात भातातच थांबला होता.

नऊच्या सुमारास ऊन तापलं. तेवढ्यात कर्ण्यावरून सांगितलं, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी रांगेत थांबू नये, थेट पुढे यावं. माझ्या मागे वोकी उभी होती. सुकी मासळी विकते, बाजारात माझी शेजारीण. वजनाने माझ्या दुप्पट, तोंडाने तिप्पट. तिची नजर यासावर गेली आणि तिथेच चिकटली.

"मा टेने," ती म्हणाली, "तुझी नात किती गोड दिसते गं आज."

"इतकी वर्षं तुला कधी कोणाची नात गोड वाटली नाही."

"जरा देतेस? दहा मिनिटांत परत. माझी मासळी उन्हात पडली आहे, बाई."

"पन्नाशी उलटली तुझी! तुला पाच महिन्यांचं पोर आहे, हे कोण मानेल?"

"न मानून करतील काय? तपासायला येतील का?"

मी लोर्पूकडे पाहिलं. तू जा आधी, असं मी तिला म्हणाले. तिने मान हलवली. "आधी त्यांना जाऊ दे, मा. मी मग जाते." तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती चांगुलपणा करत नव्हती, वेळ काढत होती.

तर यासा गेली वोकीच्या पाठीवर. वोकी मत देऊन मागच्या दाराने बाहेर पडली, आणि शाळेच्या कुंपणाच्या फटीतून यासा परत माझ्या हातात आली. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथी मी स्वतः गेले, का खोटं सांगू? सगळ्यांकडे कार्ड होतं, मत एकेकच द्यायचं होतं. आम्ही चोरलं ते फक्त ऊन. कोबी विकणारी, साबण विकणारी, आमच्या ओळीतल्या सगळ्या. अकरा बायकांनी माझ्या नातीला पाठीवर नेलं. एकच चूक माझ्याकडून झाली. पोरीच्या डोक्यावरची पिवळी टोपी बदलायचं सुचलं नाही.

अकरावी परत आली तेव्हा यासाच्या डाव्या अंगठ्याला शाई होती.

"त्याने लावली," ती म्हणाली. "म्हणाला, हे बाळ सकाळपासून फार मतं देतंय."

आम्ही हसून हसून खाली बसलो. मग मला आठवलं, लोर्पूचं मत अजून राहिलं होतं.

ती यासाला घेऊन गेली. मी दाराशी उभी राहून बघत होते. टेबलामागचा अधिकारी कोवळा पोरगाच, पांढरं जाकीट घातलेला, घामाने भिजलेला. दाराशी शांतिसेनेचा, निळ्या टोपीचा परदेशी शिपाई. अधिकाऱ्याने आधी यासाची पिवळी टोपी पाहिली, मग तिच्या अंगठ्याची शाई पाहिली.

"या बाळाची आई मत देऊन गेली," तो म्हणाला. "तू कोण? नाव काय तुझं?"

समोर यादी. बाजूला बंदूक. आणि सगळ्यांसमोर नाव विचारणारा माणूस.

"मार्था," लोर्पू म्हणाली.

त्याने तिच्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं, वाचलं, आणि दोरी तिच्या डोक्यावरून काढून कार्ड टेबलाच्या खणात टाकलं. "दुसऱ्याचं कार्ड, दुसऱ्याचं पोर. तुरुंगात जायचं नसेल तर घरी जा."

ती बाहेर आली आणि भिंतीशी बसली. गळ्याकडे हात जात होता, दोरी नव्हती. "जाऊ दे, मा," ती म्हणाली. "मार्थाच बरी होती."

माझ्या डोक्याची शीर तडकली. त्या पोरावर नव्हे, स्वतःवर. शहाणपणा माझा होता आणि भोगत होती ती. मी रांगेला न जुमानता आत घुसले.

"ए बाळा," मी टेबलावर हात आपटला, "तो उद्योग माझा आहे. पोर माझ्या सुनेचं. मी ते बायकांना उसनं दिलं. तुरुंगात घालायचं तर मला घाल, पण तिचं कार्ड तिला दे."

"मी कशावरून खरं मानू?"

खरंच, कशावरून? मी मागे वळून ओरडले, "वोकी!"

वोकी गेटाशी उकडलेला कसाव्याचा कंद खात बसली होती. तिचं मत झालं होतं, ती घरी गेली असती तर कोणी तिचं काय वाकडं करणार होतं? उलट कबूल केलं तर मत बाद होईल, ही भीती प्रत्येकीला होती. क्षणभर कोणी हललं नाही. त्या क्षणात मी त्या सगळ्यांना मनातून शिव्या घातल्या. आता माफी मागते. वोकी उठली, तोंड पुसलं, आणि शाईचा अंगठा वर करून दारात येऊन उभी राहिली.

"मी नेलं होतं ते बाळ. माझ्या पाठीवर मुतलंसुद्धा. वास घ्यायचाय?"

मग साबणवाली आली. मग कोबीवाली. आमची अख्खी ओळ त्या दारात, अंगठे वर केलेली. रांगेतले लोक हसायला लागले, मग टाळ्या वाजवायला लागले. एक म्हातारा ओरडला, "अरे, दे की तिला! असं मत सोळा वर्षांपूर्वीच लोकांना दिलं असतंस तर लढाईच सुरू झाली नसती!" ते पोर तेव्हा शाळेतही नसेल, पण त्याचीही हसू दाबताना पंचाईत झाली.

"बरं," तो म्हणाला, "या अकरांपैकी कोणी आई नाही. पण ही आहे कशावरून?"

याचं उत्तर यासाने दिलं. सकाळपासून अकरा पाठींवर फिरून ती भुकेने कावली होती. तिने असा टाहो फोडला की शिपायाने कान झाकले. वोकीने घेतलं, गप्प नाही. मी घेतलं, गप्प नाही. भिंतीशी बसलेल्या लोर्पूला ओढून आत आणलं, तिने पदर सारून छातीशी धरलं, आणि खोलीत एकदम शांतता झाली. फक्त पोरीचं चुटूचुटू पिणं ऐकू येत होतं.

अधिकाऱ्याने खण उघडला आणि कार्ड बाहेर काढलं. पण दिलं नाही. त्याचा आवाज आता खाली आला होता. "बाई, आई आहेस हे पटलं. पण तू मला मार्था सांगितलंस. यादीत मार्था नाही. तुझं नाव तुलाच सांगावं लागेल. ते मी सांगू शकत नाही, आणि ही मावशीही नाही."

मी तोंड उघडलं होतं, मिटलं.

लोर्पूने यादीकडे पाहिलं. शिपायाच्या बंदुकीकडे पाहिलं.  दारातल्या बायकांनी अंगठे खाली केले नव्हते. वोकीने दुखणारा हात दुसऱ्या हाताने धरला, पण वरच ठेवला. लोर्पूने ते अंगठे एकेक करून पाहिले, शेवटी पदराखालचा यासाचा चिमुकला निळा अंगठा पाहिला.

"लोर्पू," ती म्हणाली.

"पूर्ण नाव?"

"लोर्पू फ्लोमो." आणि मग कोणी विचारलं नसताना, बाजारात ओरडावं तशी ओरडली, "केर्कुला फ्लोमोची मुलगी!"

त्या पोराने बोट यादीवरून खाली नेलं, थांबवलं, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं, "लोर्पू फ्लोमो!"

बाहेरच्या रांगेने ते नाव उचललं. का, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण नाक्यावरची यादी तिथल्या कोणी ऐकली नव्हती? लोर्पू फ्लोमो, लोर्पू फ्लोमो, असं ते नाव मैदानभर मागे मागे गेलं, शेवटच्या माणसापर्यंत.

ती पडद्यामागे गेली.  नाक्यावर नाव वाचलं की माणूस झुडपाआड जायचा; मी त्या पडद्यावरची नजर काढली नाही.

मग पडदा हलला, आणि लोर्पू हातात घडी घातलेली मतपत्रिका घेऊन परत आली.