कांचनचा क्लेम

“तुम्हाला बेकारी भत्ता मिळणार नाही,” इंटरनॅशनल ऑफिसच्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा बॅग उचलून सरळ निघून गेला.

युनिव्हर्सिटीने जानेवारीत खर्च कापला होता. मेस, लायब्ररी, जिम, सगळीकडची विद्यार्थ्यांची पार्टटाइम कामं गेली होती. हॉलमध्ये साठ-सत्तर जण तरी असतील, त्यातले निम्म्याहून जास्त भारतातले. रेणूचं मेसमधलं काम गेलं होतं म्हणून ती आली होती, आणि एकटीला कंटाळा येईल म्हणून रूममेट कांचनला ओढून घेऊन आली होती.

“आपल्याला काहीच लागू नसतं यार,” रेणू कुजबुजली. “चल, निघू या.”

“थांब,” कांचन म्हणाली.

बाई समजावून सांगत होत्या. भत्ता हवा, तर मिळेल ते काम उद्यापासून धरायची मोकळीक हवी, आणि विद्यार्थ्यांच्या व्हिसावर ती नसते. अर्ज करणं हा गुन्हा नाही, पण खोटं लिहिलं तर आहे. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. “तुमच्यापैकी कोणी कॅम्पसबाहेर कॅशवर काम केलं असेल, तर त्याने अजिबात अर्ज करू नये. तुम्ही ज्याचं नाव लिहाल, त्या मालकाला राज्याचं पत्र जातं. ही व्यक्ती तुमच्याकडे होती का, होती तर सरकारदरबारी नोंद का नाही, अशी विचारणा होते. त्यात तुम्हीही सापडता.”

हे त्यांनी भीती घालायला सांगितलं होतं. कांचनने पुढे वाकून विचारलं, “पत्र नक्की जातं?”

“नक्की,” बाई म्हणाल्या.

कांचन काळमेघ ही अमरावतीची डेंटिस्ट. बीडीएस झाल्यावर तीन वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात दात काढले, मग न्यू जर्सीत पब्लिक हेल्थची डिग्री करायला आली. डिग्री हे निमित्त होतं. खरा बेत पुढचा होता: इथल्या डेंटल कॉलेजात बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांसाठी जागा असतात, त्यांच्यासाठी हाताची परीक्षा द्यावी लागते. प्लास्टिकच्या दातावर ड्रिल चालवून दाखवायचं. कांचनचा हात चांगला होता. दवाखान्यातले सर म्हणायचे, पेशंटला कळायच्या आत हिचं काम झालेलं असतं.

त्या हाताची पहिली दोन बोटं आता वाकत नव्हती.

जवळच्या आयसेलिन गावात ओक ट्री रोडच्या एका गल्लीत गुरुदत्त काकांचं फराळाचं दुकान होतं. काका चाळीस वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून आलेले. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी आणि काकूंनी दुकान काढलं. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते स्टेजवर असायचे, नव्या विद्यार्थ्यांना गणपतीत जेवायला बोलवायचे. कांचन पहिल्यांदा जेवायलाच गेली होती. दुसऱ्या वेळी काकूंना पुरणपोळ्या लाटू लागली. तिसऱ्या वेळेपासून ते काम झालं, शनिवार-रविवार, दुकानामागच्या किचनमध्ये.

“कामाला नाही गं येत ती,” काका गिऱ्हाइकांना सांगायचे. “घरचीच आहे.”

मोठ्या कढईखालचा स्टँड हलायचा. कांचनने तो दोनदा दाखवला होता. काका दोन्ही वेळा म्हणाले, “दिवाळी होऊ दे, मग बघू.” दिवाळीला बारा दिवस राहिले असताना, शनिवारी दुपारी, चकल्यांच्या घाण्यासकट ती कढई कलंडली.

हॉस्पिटलात काकू सोबत होत्या. कांचनला वेदनेने धड बोलता येत नव्हतं. नर्सने विचारलं कसं भाजलं, तर काकूंनीच सांगितलं की घरी तळताना. कांचनच्या फोनवर काकांचा व्हॉइस मेसेज आलेला होता. काकांना टाइप करायचा कंटाळा, सगळं बोलूनच पाठवायचे. तो ऐकून कांचनने मान डोलावली, आणि कागदावर डाव्या हाताने सही केली. घरी भाजलं.

पुढे युनिव्हर्सिटीच्या फुकट सल्ला केंद्रातल्या वकिलाने तो कागद वाचून मान हलवली. “तुमचीच सही आहे. हाताबद्दल काही मागायला गेलात, तर हा कागद आधी पुढे येईल.”

जानेवारीत पट्ट्या निघाल्या. कांचन दुकानात गेली. काकांनी तिचा हात पाहिला नाही, तिच्या खांद्यावरून मागे भिंतीकडे पाहत म्हणाले, “आता पीठ मळणं तुला जमायचं नाही बाळा. जेवायला मात्र केव्हाही ये.”

महिनाभर ती नुसती बसून होती. रोज सकाळी उठून ती दोन बोटं वाकवून बघायची, आणि रोज सकाळी तिला काकांचा तो भिंतीकडे बघणारा चेहरा आठवायचा. काकांचं काहीतरी जावं असं तिला वाटे. काय, ते सुचत नव्हतं. त्या हॉलमध्ये ते सुचलं.

मीटिंगहून घरी येताना बसमध्ये रेणू म्हणाली, “एक सांगू? रागावू नको. काकांनी मला बोलावलंय. तुझ्या जागी. शनिवारपासून जातेय.”

“आठवडाभर जा,” कांचन म्हणाली. “मग सोड.”

“का?”

“मी क्लेम टाकणार आहे. काकांच्या नावावर.”

“वेडी आहेस का तू? ती बाई काय बोलली ते ऐकलंस ना?”

“नीट ऐकलं.”

“तुला एक पैसा मिळणार नाही, कांचन!”

“पैसे कोणाला पाहिजेत?”

रेणू त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, “काकांना नाही म्हणून कळवलंय. आता तूच मला दुसरं काम शोधून दे.” कांचनला ते जमलं नाही. रेणूने ते सेमिस्टर वरण-भातावर काढलं, आणि अधूनमधून ते बोलूनही दाखवलं.

अर्जात कांचनने एक अक्षर खोटं लिहिलं नाही. तुम्हाला या देशात काम करायची परवानगी आहे का? या प्रश्नापुढे तिने ‘नाही’वर खूण केली. मालकाचं नाव, दुकानाचा पत्ता, कामाच्या तारखा, सगळं लिहिलं. डाव्या हाताने टाइप करायला दीड तास लागला. तो दीड तास तिचा फार छान गेला.

काका-काकू एप्रिलमध्ये आले, शनिवारी दुपारी, न सांगता. काकूंच्या हातात डबा होता. रेणूने दार उघडलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

“हे कसलं पत्र आलंय बाळा?” काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “काहीतरी मिस्टेक झालीये.”

“मिस्टेक नाही काका. मी अनएम्प्लॉयमेंट क्लेम केलाय.”

“अगं, पण तुला ते मिळत नाही!”

“माहितीये.”

“मग?”

“तुम्हाला पत्र आलं ना? तेवढंच हवं होतं.”

काका खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी समजुतीचा सूर लावला. “हे बघ, तू आमच्या मुलीसारखी. किती हवेत ते सांग, आपण घरातल्या घरात मिटवू. आणि ते विथड्रॉ करून टाक.”

“लिहून द्या.”

“काय?”

“तुमच्या किचनमध्ये हात भाजला. स्टँड हलतोय हे मी दोनदा सांगितलं होतं. एवढं एका कागदावर लिहा आणि सही करा. आत्ता विथड्रॉ करते.”

काकू तिच्या हाताकडे बघत होत्या. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “द्या ना लिहून.”

“तू गप्प बस. मी काय वेडा आहे असलं लिहून द्यायला?” काका उठले. आता त्यांचा आवाज मंडळातला राहिला नव्हता. “तुला वाटतं मीच अडकेन? तुझ्या कॉलेजला एक मेल टाकला ना, तर पुढच्या फ्लाइटने अमरावतीला जाशील.”

“टाका. मेल आयडी देऊ?”

ते जिना उतरत असताना कांचनने काकूंना हाक मारली आणि डबा परत केला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

काकांनी राज्याला उत्तर पाठवलं: ही मुलगी आमच्याकडे कधीच कामाला नव्हती. कांचनचा अर्ज नामंजूर झाला. तिने अपील केलं. जूनमध्ये फोनवर सुनावणी ठेवली गेली, मंगळवारी सकाळी दहाला. तिने मागितलं होतं म्हणून एक मराठी दुभाषी बाईही लाइनवर होत्या. कुठल्या गावच्या, कोण, काही माहीत नव्हतं. आवाज पन्नाशीचा वाटत होता.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी काकांना आणि कांचनला शपथ दिली. मग काकांना विचारलं, “या तुमच्याकडे काम करत होत्या?”

“नो सर,” काका म्हणाले. “शी इज लाइक फॅमिली. कधी घरी जेवायला यायची, कधी बायकोला मदत करायची, बस.”

“दुकानात?”

“नेव्हर.”

कांचन वाट पाहत होती ती याचीच. तिने अपिलासोबत पुरावा म्हणून दिलेले काकांचे व्हॉइस मेसेज एकेक करून लावले गेले. काकांचा आवाज आधी मराठीत यायचा, आणि त्यामागून त्या बाईंचा, सपाट, इंग्रजीत.

“कांचन, उद्या सकाळी सातला ये, अनारशांची ऑर्डर आहे.”

“कांचन, आजचे दहा तास धर, रविवारचे पैसे नंतर बघू.”

“दुकानात कोणी विचारलं तर भाची आहे म्हण.”

असे नऊ मेसेज झाले. काका मध्येच म्हणाले, “हे कॉन्टेक्स्ट सोडून आहे.” अधिकाऱ्यांनी त्यांना थांबायला सांगितलं. शेवटचा मेसेज ऑक्टोबरमधल्या शनिवारचा होता.

“हॉस्पिटलात घरी भाजलं म्हणून सांग. कढईचं नाव काढू नकोस. दुकानाचं नाव आलं, तर तुझ्या कॉलेजला मीच कळवीन. रडू नकोस, चामडी येते परत.”

दुभाषी बाई बोलेनात. अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुम्ही ऐकताय ना?”

“हो,” त्या म्हणाल्या. एकदा घसा साफ केला आणि वाक्यामागून वाक्य सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज मुळीच सपाट नव्हता.

कांचन भिंतीला टेकून बसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा हे कोणीतरी शपथेवर, मोठ्याने बोललं होतं. पलीकडे काका श्वास घेत होते, तो ऐकू येत होता. तो तिने मन लावून ऐकला.

“मिस काळमेघ,” अधिकारी म्हणाले, “तुम्हाला हे काम करायची कायदेशीर परवानगी होती?”

“नाही.”

“याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?”

“हो सर.”

“तिथे आणखी कोणी काम करत होतं?”

“मी फक्त माझ्याबद्दल सांगेन.”

निकाल तीन आठवड्यांनी आला. भत्ता नामंजूर. खाली दोन ओळी होत्या: दुकानाच्या नोंदींची चौकशी व्हावी म्हणून प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. त्या दोन ओळींची तिने प्रिंट काढली.

चौकशीला माणसं जुलैत आली आणि दुकान बंद ठेवावं लागलं. गणपतीच्या ऑर्डरी काकांना परत कराव्या लागल्या, आणि मंडळाने त्यांना ‘तब्येतीमुळे’ समितीवरून मोकळं केलं. काकांनीही शब्द पाळला. त्यांचा मेल कॉलेजला पोचला, आणि हॉलमध्ये बोलणाऱ्या त्याच बाईंनी कांचनला बोलावून विचारलं, “हे खरं आहे का?”

“खरं आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “मी तुम्हा सगळ्यांना सावध केलं होतं.”

“हो. तुमच्यामुळेच कळलं मला.”

एकच सेमिस्टर उरलं होतं. पण व्हिसा गेला, आणि ती ऑगस्टमध्ये निघाली. रेणू सोडायला आली, वाटेत तिने एकदाच विचारलं, “वर्थ होतं का यार?” कांचनला खरंच ठरवता येत नव्हतं. पण तिने काकांच्या गल्लीतून गाडी न्यायला लावली, आणि बंद दुकानासमोर रेणू ‘चल आता’ म्हणेपर्यंत ती पुढे जाऊ दिली नाही.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. काकांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचे.

“समाधान झालं तुझं?” काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“नाही काकू.”

“मग कशाला केलंस गं?”

“तुम्ही त्या दिवशी नर्सला खरं सांगितलं असतं, तर नसतं केलं.”

काकूंनी फोन ठेवला.

आता कांचन अमरावतीत आरोहीच्या दवाखान्यात बसते. आरोही तिची कॉलेजातली मैत्रीण, वर्गात तिच्या मागे असायची. पेशंट तपासायला कांचन, एक्स-रे वाचायला कांचन, औषध सांगायला कांचन. ड्रिल आरोही चालवते.

परवा दर्यापूरकडची एक म्हातारी आली होती, अक्कलदाढ काढायला. खुर्चीत बसल्याबसल्या तिने चौकशी केली.

“अमेरिकेत होती म्हणतात तू? मंग वापस कायले आली व बाई?”

“काम झालं माझं तिथलं, आजी.”

“पुरं झालं?”

“पुरं झालं. आता तोंड उघडा.”

म्हातारीने आ केला. आरोहीने खाली वाकून ड्रिल सुरू केलं. कांचनने डाव्या हाताने सक्शनची नळी म्हातारीच्या गालाशी धरली, आणि आरोहीच्या बोटांकडे बघावं लागू नये म्हणून नजर म्हातारीच्या कपाळावर ठेवली.