आईच्या स्वयंपाकघराचा रंग

ताई इमारतींची चित्रं करायची. म्हणजे पहिली वीट बसण्याआधीच, उभं राहिल्यावर घर कसं दिसेल ते कॉम्प्युटरवर हुबेहूब दाखवायची. एका सुट्टीत तिनं आईच्या मनातलं घर असंच करायला घेतलं. आई खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि हुकूम सोडायची, "खिडकी अजून खाली घे. बसल्या बसल्या बाहेरचं दिसलं पाहिजे मला." स्वयंपाकघराच्या रंगावरून तर तिनं ताईला अगदी भंडावून सोडलं. शेवटी एक रंग पसंत पडला, तेव्हा म्हणाली, "एवढं एक चित्र कागदावर काढून दे गं."

"थांब जरा, सावल्या नीट पडत नाहीयेत अजून," ताई म्हणाली.

ते चित्र काढायचं राहूनच गेलं. घरही राहिलं, आणि पुढे आई गेली.

आता धाकटा भाऊ आईनं घरासाठी राखलेल्या जागेवर घर बांधायला निघाला होता. "ताई, आईचंच घर बांधू. ती फाईल तेवढी दे."

"एवढंच ना? उद्या देते."

फाईल सापडली, पण काही केल्या उघडेना. ती ज्या प्रोग्राममध्ये केली होती, तो बनवणारी कंपनी दुसरीनं केव्हाच गिळंकृत करून तो बंद केला होता, आणि दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला ती फाईल वाचता येत नव्हती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला, साधा चहा मागितला तरी व्याख्यान देतो म्हणून, सगळे मास्तर म्हणत. त्यानं बरीच खटपट करून भिंती, दारं, खिडक्या बाहेर काढल्या. सगळं घर राखाडी.

"रंग कुठे गेले रे?"

"फाईलमध्ये रंगांचे नुसते नंबर आहेत. खरे रंग, फरशा, उजेड, सगळं कंपनीच्या संग्रहात असायचं. तो संग्रहच बंद झाला." मास्तर पुढे बोलणार होता, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं ते राखाडी घर तेवढं तिला पाठवून दिलं.

तिनं भावाला सगळं सांगितलं. तो सहज म्हणाला, "मग काय झालं? तू होतीस की तिच्याजवळ. तुला आठवत असेलच."

ताईनं खूप आठवून पाहिलं. ऊन कुठून सोडलं होतं ते आठवलं, खिडकीची सावली ओट्यावर कशी तुटत होती तेही आठवलं. आई कुठल्या रंगापाशी थांबली होती, ते मात्र काही केल्या आठवेना. ताई सगळा वेळ पडद्यावरच्या सावल्याच बघत होती. आईकडे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

घर उभं राहिलं. खिडकी आईला हवी तेवढी खाली आली. स्वयंपाकघराला भावजयीनं फिकट पिवळा रंग निवडला.

"आईनं हाच घेतला असता, नाही का गं?" भावानं विचारलं.

"छान दिसतोय," ताई म्हणाली, आणि ओट्यावर सांडलेले रंगाचे थेंब नखानं खरवडत राहिली.