मेन बंद

कप तोंडाशी नेता नेता बाबांचा हात थांबला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या एका खुल्या ग्रुपवर वीस मिनिटांपूर्वी त्यांनी उत्तर टाकलं होतं. अडकलेला ब्रेक कसा खोलायचा, सगळं क्रमवार, झोकात. त्यात 'आधी मेन स्विच बंद करा' हेच लिहायचं राहून गेलं होतं.

ते काही विसरभोळे नव्हते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मेनला हात म्हणून लावला नव्हता, इतकंच. ते काम जोडीदाराचं. तो दाराशी खटका पाडायचा आणि ओरडायचा, "मेन बंद. घाल हात!" मगच बाबांचा हात आत.

प्रश्न विचारणारा नवखा होता आणि कामावर एकटा होता. बाबांनी घाईघाईने दुरुस्ती लिहिली. पलीकडून हूं की चूं नाही. उत्तराला मिळणारे अंगठे मात्र वाढत होते. एकोणीस. तेवीस. एरवी असे अंगठे सुनेला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज प्रत्येक अंगठ्यागणिक ते त्या नवख्याचं उत्तर आलंय का, तेवढंच पाहत होते.

"कशाला पडता हो या भानगडीत?" सून म्हणाली. "कुणी विचारायचा अवकाश, की तुमचं उत्तर तयार!"

"नाहीतर दुसऱ्या कुणीतरी आधी दिलं असतं," बाबा म्हणाले. इतकं खरं ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

सुनेने आपल्या फोनवर तो ग्रुप उघडला.

"अहो, आलंय की त्याचं. 'काकांनी सांगितलं तसा आधी मेन बंद केला. लिफ्ट सुरू झाली.'"

बाबांनी आपला फोन वरखाली चाळला. "कोण काका?"

"हे 'जुना खटका' म्हणून आहेत ना, ते. त्यांच्या ओळीखाली लिहिलंय त्याने."

ते टोपणनाव बाबांना चांगलंच ठाऊक होतं. आपल्या उत्तरांत चुका काढतो म्हणून गेल्या वर्षी त्यांनी त्या माणसाला ब्लॉक केलं होतं. तेव्हापासून त्याचं लिहिलेलं, आणि त्याखालचं कुणाचंही, त्यांना दिसत नव्हतं.

"त्याने काय लिहिलंय?"

"'मेन बंद. मग घाल हात.'"

हेच शब्द बाबांनी बत्तीस वर्षं दाराकडून ऐकले होते. स्वतःच्या निरोप समारंभात ते अर्धा तास बोलले होते आणि जोडीदाराचा साधा उल्लेखही केला नव्हता. त्या समारंभाला आता सात वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

सून अजून वाचतच होती. "बाबा, तुमच्या प्रत्येक उत्तराखाली आहेत हे. तुमचं राहिलेलं काही ना काही सांगतात."

बाबांनी आपला फोन तिच्यापुढे धरला.

"ते ब्लॉक केलेलं," ते म्हणाले, "परत चालू कसं करतात?"