शिंपले चालायला लागले की

डोंगरातल्या माणसाला पाण्याचं भय कुणी शिकवावं लागत नाही. पेठच्या रानातल्या अक्काबाईला तर नदी पाठच होती. पूर यायचा तर आधी वरच्या डोंगरावर आभाळ काळं होतं. आभाळ कोरडं असलं, तर नदीतल्या दगडावर पोर निजवावं आणि खुशाल खेकडे धरावेत. सासूने हेच सांगितलं होतं आणि सासू कधी चुकली नव्हती. पण सासूने समुद्र कुठे पाहिला होता!

चौतीस सालच्या हिवाळ्यात भाताची कापणी उरकून अक्काबाई आणि तिचा नवरा मंगळू गवत कापायला डहाणूकडे उतरले. कडेवर नऊ महिन्यांची तान्ही लेक, सोमी. तिथे अक्काबाईचं दूध आटलं. पोर किरकिरून किरकिरून वाळत चाललं. शेजारच्या कोळीवाड्यातल्या भागीबाईला ते बघवेना. खडकावर टोपीसारखे चिकटून बसलेले शिंपले तिने दाखवले.

"याचा रस्सा पी बाये, दूध उतरंल. पण बोट लावायच्या आधी कोयता मार. एकदा का त्याला चाहूल लागली, मग जीव जाईल पण खडक सोडणार नाय. आणि हे चालायला लागले, की तू पण चाल."

शिंपला चालतो म्हणे! अक्काबाईला हसू आलं. नवख्या माणसाची थट्टा कुठे होत नाही?

दुसऱ्या दिवशी समुद्र पार आत हटला होता. अक्काबाई खडकांवरून लांब गेली. एका खळग्यात लुगड्याचा धडपा अंथरून तिने सोमीला निजवलं, आभाळ पाहिलं. ढगाचं नाव नव्हतं. मग ती निर्धास्त कामाला लागली.

शिंपले खरंच हट्टी निघाले. घाव चुकला की मेला आणखी आवळून बसायचा. खडकही ज्याच्या त्याच्या मापाने झिजलेला, नखसुद्धा शिरायला जागा नाही. आणि मग एकाएकी नशीब उघडलं. एका ओल्या कपारीतले शिंपले नुसत्या बोटांनी निघू लागले. देव पावला म्हणत अक्काबाईने ओटी भरली. आज पोरीचं पोट भरणार होतं.

पुढच्या शिंपल्याला तिने हात घातला आणि तो सरकला. काठ जरासा उचलून तो संथपणे चालला होता. त्याच्या शेजारचाही चालला होता. तेव्हा तिला कळलं, की आपले घोटे गार पडले आहेत.

तिने मागे पाहिलं. किनाऱ्याकडची वाट पाण्याखाली गेली होती. ढग नाही, गडगडाट नाही, पाणी मागून चोरासारखं आलं होतं. सोमीच्या आणि तिच्या मध्येही ते वाहत होतं.

 ती पडत-झडत धावली. खळगा भरला होता, सोमीच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. तिला उराशी धरून अक्काबाई सगळ्यांत उंच खडकावर चढली. पाणी मागोमाग आलं. गुडघ्याला लागलं, मग कमरेला. एक हात कपारीत रुतवून, दुसऱ्याने पोर खांद्याशी दाबून ती मंगळूच्या नावाने ओरडत राहिली. प्रत्येक लाटेला वाटे, ही नेणार. मला नेलं तर नेलं, पण हिला?

काठावरून भागीबाईचं लक्ष गेलं म्हणून मंगळूला घेऊन तिची होडी आली. मंगळूने पोरीला घ्यायला हात पुढे केले, ओढलं, पण अक्काबाईची बोटं उघडेनात. ती नवऱ्याकडे बघत होती, पण तिला तो ओळखू येत नव्हता.

"ओढू नको रे! आणखी आवळंल ती," भागीबाई ओरडली. शेवटी मायलेकींना तसंच एकत्र उचलून होडीत घेतलं. ओटीतले शिंपले केव्हाच समुद्रात सांडले होते.

पोर जगलं. होळीच्या सुमाराला सगळे गावी परतले. एका दुपारी अंगणात सोमीने कुडाचा आधार सोडला आणि दोन पावलं टाकली.

"चालली! सोमी चालली!" सासूने टाळ्या पिटल्या. मंगळू हसत उठला.

अक्काबाई किंचाळली. पोरीला झडप घालून तिने उचललं आणि मागे वळून पाहिलं. मागे कोरडं अंगण होतं, वाळत घातलेली नागली होती.

"अगं सोड तिला, चालू दे," मंगळू म्हणाला.

सोमी खाली उतरायला धडपडत होती. अक्काबाईलाही तिला सोडायचं होतं, पण बोटं सुटत नव्हती.