मधली पानं

"हे पुस्तक नादुरुस्त हाय," मच्छिंद्रने कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली. "बदलून नगं. दुरुस्त करून द्या."

जालन्याच्या मस्तगडात वाचनालय चालवून तेव्हा मला सतरा वर्षं झाली होती. फाटकी पुस्तकं आली, वरण सांडलेली आली, एक तर बकरीने खाल्लेलं आलं. नादुरुस्त पुस्तक मात्र त्या चौऱ्याहत्तर सालातच पहिल्यांदा पाहिलं. मच्छिंद्र हा शहागडचा पंप मेकॅनिक. गोदावरीच्या काठची निम्मी डिझेल इंजिनं त्याच्या जिवावर पाणी उपसत. दर मंगळवारी सुटे भाग घ्यायला तो जालन्याला यायचा आणि बायकोचं पुस्तक बदलून न्यायचा. वाचणारी बेबीनंदा, हा नुसता हमाल. आत काय लिहिलेलं असतं, याची त्याने दोन वर्षांत कधी चौकशी केली नव्हती.

"काय झालंय पुस्तकाला?"

"मधली पानं न्हाईत. एकशे बेचाळीसला ती बाई दार लागलं की थरथर कापती. लहानपणी कोंडलेली असती ना. मंग तो मानूस येतो अन् तिला..." वाचनालयात दोन बायका पुस्तकं चाळत होत्या. त्याने आवाज उतरवला. "जवळ घेतो. अन् एकशे त्रेचाळीसला ती सोताच्या हातानं कडी लावती. भीती खतम. मधी काय केलं त्यानं?"

पुस्तकांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. मी पानं तपासली. आकडे बरोबर होते, शिलाई जागच्या जागी होती.

"काही कमी नाही. प्रेमाने भीती गेली, असं लेखकाला म्हणायचंय."

"मी बी तसंच करून पाह्यलं," तो म्हणाला. "न्हाई गेली."

मला आलेलं हसू तिथेच विरलं. मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. बेबीनंदा सात वर्षांची असताना शेंगा चोरून खाल्ल्या म्हणून चुलतीने तिला ज्वारीच्या बळदात, त्या अंधाऱ्या कोठीत कोंडलं आणि स्वतः शेतात निघून गेली. पोर आत आहे हे दिवस मावळल्यावर आठवलं. तेव्हापासून बंद दार तिला सोसत नाही.

"हे पुस्तक वाचून लई रडली. म्हनली, त्या बाईचं मन खरं व्हतं म्हणून तिची भीती गेली. माझं मनच तुमच्यावर बसलं नसंल. मला अंबडला माहेरी सोडा अन् तुमी दुसरी बघा. पुढल्या मंगळवारी जायचं म्हणून राह्यली." त्याने टेबलाची कड घट्ट धरली. "माझं ऐकत न्हाई. पुस्तकवाल्याचं ऐकंल. शिक्का मारून चिठ्ठी द्या, मधली पानं गायब हायत म्हणून."

खोटं लिहायला माझा हात सहसा धजत नाही. त्या दिवशी मात्र तो सरळ चालला. 'या प्रतीत पृष्ठ १४२ व १४३ यांच्या मधली पाने नाहीत. ती छापलेलीच नाहीत.' खाली सही केली, शिक्का मारला आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच सापडेना.

पुढल्या मंगळवारी बेबीनंदा स्वतःच आली. काखेत कपड्यांचं बोचकं होतं. मच्छिंद्र वॉशर घ्यायला पुढे गेला होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"अंबडला न उतरता आधी तुमच्याकडं आले. काका, किती पानं कमी हायत?"

"ते तुम्हीच सांगा. लग्न झालं तेव्हा कसं होतं?"

"पहिलं वरीस मी ओसरीवर निजायची. आत पाय ठेवत न्हवते."

"मग?"

"मंग ह्यांनी दाराची कडीच उपटून टाकली. सासूबाई भांडल्या, हे घर हाय का धर्मशाळा? हे म्हनले, कडी गंजल्ती." ती थोडी हसली. "मंग मी आत निजाया लागले, दारापाशी. आता दिवाळीपसून दाराची एक फळी लोटून घेते. दुसरी न्हाई व्हत." बोलता बोलता ती थबकली. "हे बी पानंच का?"

"नाहीतर काय! चाळीस-पन्नास तर इथेच झाली. पुढची बरीच असतील."

"अन् शेवटी लागती का कडी?"

कुठल्याही कादंबरीचा शेवट मी वाचकाला तोंडपाठ सांगतो, तशी माझी ख्यातीच होती. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने ती कादंबरी टेबलावर सरकवली. "मंग लवकर बरं होत न्हाई, असं एखादं असंल तर द्या."

मी चारही कपाटं धुंडाळली. चार हजार पुस्तकं होती माझ्याकडे, आणि तसं एकही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात मच्छिंद्र आला. मला काही राहवेना. वाचनालय तसंच उघडं टाकून मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो. शहागडची गाडी अंबडवरूनच जाते, त्यामुळे ती कुठे उतरणार हे तिकिटावरूनच कळणार होतं. दोघं खिडकीपाशी बसली. कंडक्टर आला तेव्हा मच्छिंद्र मांडीवरच्या पिशवीतले वॉशर चाचपत होता. त्याने मान वर केली नाही.

"दोन शहागड," बेबीनंदा म्हणाली.

कंडक्टरने तिकिटं फाडली आणि गाडीचं दार ओढून लावलं. आवाज झाला तशी ती पांढरी पडली. पण उठली नाही. तिने काच सरकवली आणि हात कोपरापर्यंत बाहेर काढला.

"बाई, हात आत घ्या," कंडक्टर म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, थोडा टाईम," मच्छिंद्र म्हणाला.

गाडी वळेपर्यंत मी बघत होतो. हात बाहेरच होता, आणि तिच्या हातावर त्याचाही हात होता.